विठोजी अण्णांचं मूळ गाव

विठोजी अण्णा जन्मभर दुसऱ्यांचे मंडप घालत आले. बेंगळूरजवळच्या होसकोट्यात त्यांचं दुकान. मराठी मंडळाच्या गणपतीचा मंडप मात्र बावीस वर्षं फुकट. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलेलं घराणं, इथेच रुजलं. सभासदत्व त्यांनी कधी मागितलं नव्हतं. यंदा मागितलं ते नातीपायी. भूमिकाला पुण्याचं स्थळ आलं होतं. मुलाचे काका विद्याधर याच मंडळातले. ते म्हणाले होते, "सभासद व्हा ना. आपलेच लोक आहेत म्हणून घरी सांगायला बरं."

मंडळाचे अध्यक्ष रत्नाकर, निवृत्त इंजिनीअर, त्या वर्षी मनाने अमेरिकेतच राहत होते. मुलगी शलाका तिथे कामाच्या व्हिसावर, त्यात दिवस गेलेले. तात्पुरत्या व्हिसावाल्यांची मुलं यापुढे जन्माने नागरिक होणार नाहीत, असा तिथल्या राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघाला होता.

"चौदावी घटनादुरुस्ती आहे!" रत्नाकर टेबल बडवत. "जिथं जन्म, तिथला माणूस. दीडशे वर्षांचा कायदा हो, विठोजी!"

विठोजींना दुरुस्ती कळली नाही, बापाची काळजी कळली. ते गणपतीला नवस बोलले. एका न्यायाधीशाने हुकूम अडवला, वरच्या कोर्टाने असे हुकूम अडवायला मर्यादा घातली, मग दुसऱ्या न्यायाधीशाने वेगळ्या वाटेने तो पुन्हा अडवला. तेवढ्यात शलाकाचा निहार जन्मला, त्याचा अमेरिकन पासपोर्टही आला. विठोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. भाबडा माणूस!

वार्षिक सभेत त्यांचा अर्ज निघाला.

"मूळ गाव?" रत्नाकरांनी विचारलं.

"बेंगळूरच, सर. चारशे वर्षं झाली."

"महाराष्ट्रातलं कुठलं?"

"ते आमच्या आजोबांनाबी ठाऊक नव्हतं. पण घरात मराठीच बोलतो, स्वल्प कानडी मिसळून."

सभा हसली. रत्नाकरही हसले, अगदी मायेने. "अहो, जिथं जन्म, तिथला माणूस. मीच वर्षभर ओरडतोय ना? तुम्ही कानडी झालात, विठोजी. त्यात वाईट काय?"

टाळ्या पडल्या. शिकल्या-सवरल्या लोकांना असली चलाखी फार आवडते. अर्ज बाजूला गेला. पुढचा विषय, निहारला आजीव सभासदत्व. मूळ गाव सातारा. एकमताने मंजूर.

दाराशी विद्याधर चपला घालत होते. विठोजी घाईघाईने जवळ गेले.

"रविवारी येताय ना, मुलगी बघायला?"

"नको आता," विद्याधर खाली बघतच म्हणाले. "आमच्याकडे कानडी चालणार नाही."