अंगठेतोडी कात्री

माझं पहिलं जाहीर पत्रक आमच्या बैलानं खाल्लं. त्यानंतर माझं लेखन इतक्या गोडीनं कुणीच घेतलेलं नाही, म्हणून ही हकिगत नीट लिहून ठेवतो.

दुष्काळाचं साल होतं. लिंबागणेशच्या अलीकडं आमचं गाव. सहकारी कारखान्याचं धुराडं थंड पडलं होतं (ऊसच नव्हता, गाळणार काय? भाषणं?). आमची विहीर तर इतकी कोरडी की दुपारी माणसं तिच्या तळाशी उतरून पत्ते खेळत. गावात थंडावा तेवढा तिथंच उरला होता. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक दिवस पत्तेवाल्यांना वर हाकललं आणि गाळ काढायला घेतला. त्या गाळात ती कात्री सापडली.

कात्री म्हणायचं ते तिला बोटं घालायला दोन कड्या होत्या म्हणून. बाकी सगळाच चमत्कार! वीतभर लांब, पितळेची. एका पात्यावर काड्यापेटीएवढी डबी, दुसऱ्या पात्यावर त्या डबीत घुसणारी सपाट पट्टी. पुढं दाभणासारखं टोक. खाली तीन बुटके पाय. जमिनीवर ठेवली की दबा धरून बसलेल्या बेडकासारखी दिसे.

"पाय हायेत, पोट हाय, चोच हाय," माय म्हणाली. "कात्री हाय का कोंबडी?"

गाव ओळखायला लोटलं. कुणी म्हणालं सोनाराची, कुणी म्हणालं सुईणीची. माझा वर्गमित्र बाळू, ज्याचं गावात केशकर्तनालय आहे, तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "आमच्याच धंद्याची हाय. निजामाच्या काळात मिशी कोरायला अशीच कात्री असायची. डबीत केस पडत्यात, अंगावर सांडत न्हाईत. दादा, बसा!"

दादा बसले. (आमच्या दादांना आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता आणि ती त्यांच्या नाकाखाली होती.) बाळूनं कात्री लावली. कर्रर्र असा आवाज झाला आणि दादांनी जी बोंब ठोकली, ती नारायणगडापर्यंत गेली असावी.

"कापत न्हाई दादा, चावती!" बाळू ओरडला.

"सोडव बे आधी!"

सुटली तेव्हा डावी मिशी कात्रीच्या पोटात होती. उरलेली उजवी बाळूला वस्तऱ्यानं उतरवावी लागली. आता आमच्याकडं बाप्या माणसानं मिशी उतरवली की घरात कुणी वारलं असंच समजतात. संध्याकाळपर्यंत माणसं पडलेल्या चेहऱ्यानं दारात. "कवा झालं? आम्हाला कळवलं कावून न्हाई?" दुसऱ्या दिवसापासून दादा तोंडाला उपरणं बांधून हिंडू लागले.

त्या गोंधळात मी मात्र शांतपणे विचार करत होतो. (ही माझी सर्वांत धोकादायक अवस्था असते.) मी लहानपणापासून पत्रकांवर वाढलेला माणूस. मोर्च्याचं, संपाचं, दिसेल ते पत्रक मी वाचलं होतं आणि जुलूम कुठं लपून बसतो हे मला पक्कं ठाऊक होतं. मी डबी उघडली. दादांची मिशी बाजूला केली. तळाशी काळीकुट्ट खपली!

रक्त. वाळलेलं रक्त!

मग लख्ख प्रकाश पडला. विहिरीचं रान पूर्वी कुणाचं? गावच्या सोसायटीचे चेअरमन आबासाहेब, त्यांच्या आजोबांचं. जुन्या काळी कागदावर कुणाचा अंगठा घेत? रयतेचा. आणि अंगठा द्यायला नकार देणाऱ्याचं काय होत असेल? मी माझा अंगठा डबीत घालून पाहिला. तंतोतंत बसला! (निघेना, हा भाग वेगळा. मायनं गोडंतेल लावून काढला.)

बीडला जाऊन पत्रक छापून आणलं. मथळा: "रयतेच्या अंगठ्यांचा जाब द्या!" खाली सात उद्गारचिन्हं. घरी येऊन ते दादांना खड्या आवाजात वाचून दाखवलं. दादांनी उपरणं सोडलं, म्हणजे बोलणं गंभीर होतं.

"हे बघ. उद्या चारा छावणीचं उद्घाटन हाय. जागा वाटणार कोण? चेअरमन. कडबा संपलाय. ढवळ्या-पवळ्याला छावणीत घेतलं न्हाई तर दोघांनाबी नेकनूरच्या बाजारात विकायला उभं करावं लागंल. तवा तू उद्या तोंड उघडू नको, एवढंच कर."

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे, दादा."

"तत्त्वाला रवंथ करता येत न्हाई लेका. का तुझी पत्रकं घालू दावणीत?"

 मी ढवळ्याकडं पाहिलं. त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या आणि तो गोठ्याच्या कुडाची काडी चघळत होता. मी पत्रकांची झोळी खाली ठेवली. पण तेवढ्यात मला पत्रकातलं एक वाक्य आठवलं आणि पुन्हा स्फुरण चढलं. वाक्य माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी माळावर मांडव, लाल साटिनची फीत, हलगी. (जनावरांना काडी नाही, पण बांबूला साटिन! माझं रक्त आधीच उकळत होतं.) फितीअलीकडं जनावरांची रांग, सर्वांत पुढं उपरण्यातले दादा आणि आमची जोडी. आबासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. तबक आलं. तबकात हळद होती, कुंकू होतं, नारळ होता. कात्री नव्हती.

"कात्री?" आबासाहेबांनी हात पुढं केला.

सोसायटीचे सगळे संचालक एकमेकांचे खिसे बघू लागले. हाच तो ऐतिहासिक क्षण! खांद्याला पत्रकांनी फुगलेली झोळी, हातात कात्री उंच धरून मी गर्दी फोडली आणि गरजलो, "चेअरमन साहेब! ही कात्री ओळखता का?"

"अरे वा! आणली का?" म्हणून आबासाहेबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "शाबास! दादा, पोरगं लई कामाचं निघालं हो!"

टाळ्या पडल्या. मी ओरडलो, "ही जुलमाची..." आणि हलगी सुरू झाली.

आबासाहेबांनी फीत धरली, कात्री दाबली. कर्रर्र. फीत कापली गेली नाही, डबीत गेली. पुन्हा दाबली, आणखी आत गेली. ओढली तर मांडवाचा बांबू वाकला.

"हिला धार न्हाई का?"

"चावती साहेब, चावती!" गर्दीतून बाळू.

"ए पोरा, तुझी कात्री, तूच सोडव."

जुलमाचं हत्यार जुलम्याच्या हातातून सोडवायला मी वाकलो. आणि मागून झोळीला हिसका बसला. ढवळ्या! महिनाभर धड चारा न पाहिलेल्या त्या जिवाला कागदाचा वास आला होता. त्यानं झोळीत तोंड खुपसलं आणि ओढलं. मीही ओढलं. शेवटी झोळीचा पट्टा तुटला आणि मी तोफेच्या गोळ्यासारखा पुढं गेलो. फीत तोडून, पलीकडं, तोंडावर.

"झालं!" आबासाहेब म्हणाले. "उद्घाटन झालं! वाजवा!"

मी तोंडातली माती थुंकत उठलो तोवर ढवळ्या डोळे मिटून सातही उद्गारचिन्हं चघळत होता. त्याच्या तोंडातून लोंबणारा एक तुकडा आबासाहेबांनी ओढून काढला आणि चष्मा चढवला.

"'रयतेच्या...' रयतेच्या काय? पुढचं खाल्लंय."

दादांचा चेहरा उपरण्याआडही पांढरा पडलेला दिसला. पण माणूस शेतकरी. वेळ साधायचं त्याला कळतं. "रयतेच्या वतीनं आभार, साहेब!" दादा म्हणाले. "रातभर लिहीत होतं पोरगं."

आबासाहेब एवढे खूश झाले की दीपप्रज्वलनाला त्यांनी आम्हाला सहकुटुंब शेजारी उभं केलं. समई आमच्याच घरची, मायनं घासून आणलेली. पण माळावरचा वारा! वात जळून काळी झाली, धूर सरळ आबासाहेबांच्या डोळ्यांत. वात चिमटीत धरवेना. मायनं चिडून, फितीचा तुकडा सोडवून तबकात ठेवलेली ती कात्रीच उचलली. चोचीनं वात वर सारली आणि दाबली. खट्! जळकं टोक अलगद डबीत पडलं. एक कणही तेलात सांडला नाही. तीन पायांवर कात्री समईशेजारी अशी ऐटीत बसली, जणू काही तिथंच जन्मली होती. आणि ज्योत सरळ उभी राहिली.

मायनं डबी उघडून माझ्या नाकासमोर धरली. तळाशी तीच काळीकुट्ट खपली.

"हे घे तुझं रक्त. काजळी हाय! वात छाटायची कात्री हाय ही!"

"कसलं रक्त?" आबासाहेब वळले.

माझ्या डोळ्यांसमोर नेकनूरचा बाजार उभा राहिला. दादांनी घाईघाईनं काहीतरी बोलायला तोंडावरचं उपरणं काढलं. आबासाहेब त्यांच्या कोऱ्या ओठाकडं पाहतच राहिले.

"अरेरे! दादा, कोण गेलं हो?"

"मिशी, साहेब," दादा म्हणाले. "याच कात्रीत."

आबासाहेब हसले ते खुर्ची धरून. हसता हसताच त्यांनी फर्मान सोडलं, "यांची जोडी चिंचंखाली बांधा. पाण्याच्या टाकीजवळ!" ढवळ्या-पवळ्या आधीच तिकडं निघाले होते. आभारप्रदर्शन मला करावं लागलं. केलं. जुलमाबद्दलचं माझं मत आजही तसूभर बदललेलं नाही. पुरावा तेवढा हातचा गेला.

कात्री आता आमच्या देवघरात असते. आणि मी जेवताना व्यवस्थेवर बोलू लागलो, की माय काही म्हणत नाही. नुसती ती कात्री वाजवते. "वातीचं लेका असंच असतं," दादा नव्या मिशीवरून हात फिरवत म्हणतात, "धूर लई झाला की समजायचं, टोक छाटायची वेळ झाली."

हे लिहितानाही मी उत्साहाच्या भरात वाक्यं मोठ्यानं वाचत होतो. देवघरातून दोनदा आवाज आलाय. खट्. खट्.

थांबतो.