शिसपेन्सिलीतली ओळ

कोंडे सर कुठलाही नवा शब्द आधी शिसपेन्सिलीनं लिहायचे. विंझरचे हे निवृत्त शिक्षक इंग्रजी पुस्तकांतल्या भौतिक रसायनाच्या संज्ञा मराठीत आणत होते, आमच्या डोंगरातल्या पोरांना कळतील अशा. शब्द सुचला की वही पिशवीत घालून कुणाच्या तरी ओसरीवर जायचे आणि समजावून सांगायचे. ऐकणाऱ्यानं तीच गोष्ट आपल्या तोंडानं परत समजावली, तरच शब्द शाईत जायचा. शेजारी त्या माणसाचं नाव.

‘संपृक्त द्रावण’ घेऊन ते धनगरवाड्यावर हिराबाईंकडे गेले. तांब्यात मीठ विरघळवत राहिले. मीठ तळाशी साचायला लागलं तशा हिराबाई म्हणाल्या, “पानी धालं की वो मास्तर! आता किती बी घाला, घ्यायचं न्हाई.” सर हरखले. ‘धालेलं द्रावण – हिराबाई.’ शाईत.

मी तेव्हा किकवीहून मोटरसायकलवर पत्रकं वाटत हिंडायचो. ‘विज्ञान आमच्या भाषेत द्या!!!’ पंख्याखाली बसून कुणालाच न कळणारे शब्द पाडणाऱ्यांचा मला संताप होता. अजूनही आहे. पुस्तिका काढायची म्हणून मी सरांची वही मागितली.

“पेन्सिलीतलं सोडून छाप,” ते म्हणाले. “ते अजून कच्चं हाय.”

मी सोडलं नाही. याच मागणीचा आमचा मोर्चा तोंडावर आला होता आणि शाईतल्या शब्दांची पुस्तिका फारच बारीक दिसत होती. पेन्सिलीत रासायनिक समतोलासाठी ‘थांबलेली क्रिया’ असं होतं. तेही छापलं. समतोलात क्रिया थांबत नाही. जितकं बनतं तितकंच मोडतं, एवढंच. पण वेल्ह्याच्या वर्गावर्गांत पोरांनी ‘क्रिया थांबते’ असं पाठ केलं. आमच्या भाषेत, आणि साफ चूक.

सर ओरडले नाहीत. एसटीनं शाळाशाळांत जाऊन प्रत्येक प्रतीतली ती ओळ हातानं खोडत राहिले. वेल्ह्याच्या स्टँडवर एकदा गाठ पडली. धाप लागली होती त्यांना.

“सर, दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापतो. चिकटवून टाकू.”

“तू आता काय छापू नगंस बाबा,” ते हसले. “तुझं छापणंच लई झालं.”

ते हसून बोलले, मला मात्र लागलं. मी जाणं सोडलं. पुढं दोनदा निरोप आला, “एक शब्द तपासायचाय, येऊन जा म्हनावं.” मला वाटलं, झाडायला बोलावतायत. तहसील कचेरीसमोर घसा फोडणारा मी, विंझरला जायला घाबरलो.

सर गेल्यावर त्यांच्या मुलीनं वही माझ्या हातात ठेवली. समतोलाची जुनी ओळ खोडलेली होती. खाली पेन्सिलीनं नवी, ‘दोन्हीकडून सारखी चालू असलेली क्रिया’. शेजारी, जिथं हिराबाईंसारख्यांची नावं असतात तिथं, माझं नाव.

तेही पेन्सिलीनंच.