निरोपाची पेटी

घरात सगळ्यांत धाकटा म्हणून त्याला बारक्या म्हणत. पुढे तो पन्नाशीला टेकला, पोट सुटलं, डोक्यावरचे केस गेले, तरी नाव बारक्याच राहिलं. टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून तो लोकांना वेबसाइट करून द्यायचा. दातांचे डॉक्टर, फरशीवाले, शिकवण्या घेणारे मास्तर, असली त्याची गिऱ्हाइकं. खालून रबराचा वास यायचा, वर पंखा कुरकुरायचा, आणि हा चहा गार होईस्तोवर पडद्याला नाक लावून बसलेला असायचा.

स्वतः नवं काही लिहिण्याच्या भानगडीत तो पडत नसे. बाजारातून कडीकोयंडा आणून दाराला ठोकावा, तसा तयार प्लगइन, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला सुटा भाग, आणून साइटला जोडायचा. पण गिऱ्हाइकाला आहे तसं कधी काही पसंत पडतं का? कुणाला बटण गोल हवं, कुणाला चौकट रुंद. मग बारक्या सरळ प्लगइनचं पोट उघडायचा, आतल्या ओळी बदलायचा आणि पुन्हा टाके घालायचा. हात चांगला होता त्याचा, नाही म्हणायचं कारण नाही. गोची एवढीच, की प्लगइन बनवणारे अधूनमधून दुरुस्त केलेली नवी आवृत्ती काढतात, आणि ती चढवली की बारक्याचे सगळे टाके उसवतात. म्हणून तो ती चढवतच नसे. नवी आवृत्ती आली की पडद्यावर एक लाल आकडा दिसतो. साइटच्या मालकानं तो बघून भलतंच काही दाबू नये म्हणून बारक्यानं सगळ्यांच्या साइटवर तो आकडाच लपवून टाकला होता. कुणाची तक्रार नाही म्हणजे काम चोख, असं मानणाऱ्यांतला तो होता.

ताईची साइटही त्यानंच केली होती. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. नवऱ्याच्या मारहाणीतून निसटलेल्या बायकांसाठी ती एक घर चालवायची. ते घर कुठे आहे हे बारक्यालाही ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायची, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला कशाला सांगू?" साइटवर पत्ता नव्हता, फोटो नव्हते. होती ती फक्त निरोपाची पेटी. बाईनं तिथे नाव आणि मजकूर लिहायचा, ताईनं आपल्या पडद्यावर तो उघडून उत्तर द्यायचं. हे उत्तर बाईच्या मोबाइलवर जात नसे, कारण मोबाइल नवरे तपासतात. तिला एक खुणेचा शब्द मिळायचा, तो साइटवर टाकला की उत्तर दिसायचं. ही युक्ती मूळ प्लगइनमध्ये नव्हती. बारक्यानं आत शिरून, डोकं खाजवत खाजवत ती बसवली होती. ती चालू झाली तेव्हा ताईनं त्याच्या पाठीवर थाप मारली होती, आणि ताई कुणाच्या पाठीवर उगाच थाप मारणारी नव्हती.

म्हणूनच प्लगइनवाल्यांचं पत्रक आलं तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली. पत्रकात सरळ लिहिलं होतं, की या आवृत्तीत भोक आहे. नावाच्या चौकटीत कुणी नावाऐवजी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेला हुकूम लिहिला, तर निरोप उघडणाऱ्याच्या पडद्यावर तो हुकूम मुकाट्यानं चालतो, आणि उघडणाऱ्याला जे जे वाचता येतं ते सगळं बाहेर पाठवता येतं. ताबडतोब नवी आवृत्ती चढवा. बारक्यानं हे वाचलं, त्याला ते नीट समजलंही. पण चढवलं तर खुणेचे शब्द बंद पडणार आणि सगळं पहिल्यापासून करावं लागणार. 'ताईच्या साइटवर कोण कशाला दरोडा घालेल,' असं मनाशी म्हणून त्यानं ते काम निवांत वेळेवर ढकललं. निवांत वेळ कुणाला मिळालाय?

त्याच सुमारास शिवणकाम करणारी एक बाई ताईला लिहीत होती. तिचा नवरा ऑफिसांमधले कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. बरेच निरोप गेले-आले आणि अखेर ठरलं, की भर दुपारी वाचनालयाच्या मागच्या फाटकाशी तिनं मुलीला घेऊन थांबायचं, ताईकडची गाडी येईल. गाडी वेळेवर आली. फाटकाशी कुणी नव्हतं. पहारेकरी म्हणाला, "ती बाई का? तिचे मिस्टर आधीच येऊन बसले होते. तिच्या हातातली पिशवी घेतली, पोरीला खांद्यावर बसवलं, गोड बोलून घरी घेऊन गेले. भला माणूस."

दुसऱ्या दिवशी कळलं, ती जिन्यावरून पडून गेली. जिन्यावरून पडलेल्याच्या गळ्यावर बोटं उमटत नाहीत. पोलिसांनी त्या भल्या माणसाला पकडलं, पण तिला त्याचा काय उपयोग!

ताई बारक्याच्या खोलीत कधी येत नसे. त्या दिवशी जिना चढून आली आणि समोरच्या स्टुलावर बसली.

"त्याला कळलं कसं, हेच मला समजत नाही," ती म्हणाली. "जागा आणि वेळ मला माहीत आणि गाडी चालवणाऱ्या मावशींना. मावशींना मी आज काढून टाकलं. रडत होत्या. मी ऐकलं नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि चोराला वाट कुणी करून दिली हे बारक्याला एकट्याला उमगलं होतं. गप्प बसला असता तर जगात कुणाला कळलं नसतं. हा विचार त्याच्या मनात आला, अगदी स्पष्ट आला. मग त्यानं खुर्ची ओढली, पेटीतले निरोप साइटच्या आतल्या बाजूनं उघडले आणि पडदा ताईकडे वळवला.

"हा निरोप बघ. तुला याचं नाव कोरं दिसलं असेल. ते कोरं नव्हतं ताई, तिथे हुकूम लिहिलेला होता. तू हा उघडलास आणि पेटीतलं सगळं तिच्या नवऱ्याकडे गेलं. तिच्या मोबाइलवर त्यानं आपली साइट पाहिली असणार. मावशींनी काही केलेलं नाही."

"म्हणजे पेटीला भोक होतं?"

"होतं."

"तुला माहीत होतं?"

खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

"हो."

ती ओरडली असती, दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती तो निरोप वाचत होती. मजकूर एकाच ओळीचा होता, 'मला फार भीती वाटते.' त्याखाली तिनं स्वतः दिलेलं उत्तर होतं. 'बहिणी, नाव नाही लिहिलंस तरी चालेल. घाबरू नकोस, मी आहे.'

"मी त्याला बहीण म्हटलं रे," ताई म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

बैल गेला आणि झोपा केला, तशी बारक्यानं तिच्यादेखत नवी आवृत्ती चढवली. ताईनं तोवर मावशींना फोन करून माफी मागितली. मावशींनी ऐकून घेतलं, पण परत येते म्हणाल्या नाहीत.

"आता भोक बुजलं," बारक्या म्हणाला. "खुणेचे शब्द मी पुन्हा बसवतो. नीट बसवतो."

"नको. पेटी काढून टाक. फोन नंबर दे तिथे."

"ताई, आता खरंच धोका नाही."

"तुला नसेल. मला आता प्रत्येक भ्यालेल्या बाईत तो दिसणार. तशी मी काय उत्तरं देऊ?"

त्यानं पेटी काढली आणि त्या जागी नंबर घातला. ज्या बायकांना घरात तोंड उघडून फोन करण्याची सोय नव्हती, त्या पेटीतच लिहायच्या. त्यांच्यापैकी कुणाचाही फोन आला नाही.