विहिणीची वही

मांडा हवेतच फाटला. अर्धं पुरण तापलेल्या खापरावर पडून करपायला लागलं, अर्धं माझ्या लुगड्यावर. डाळीच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून दोन जिल्ह्यांतल्या बायका टक लावून बघत होत्या. आणि तिकडे धुळ्यात माझ्या विहिणीनं, मी केलं तस्संच करायचं म्हणून, आपलाही मांडा मधोमध फाडला. वर विचारलं, "फाडल्यावर मग काय करायचं, विहीणबाई?"

शिकायला एवढी हावरी बाई मी दुसरी पाहिली नाही. माझी लेक तिच्या घरात दिली तेव्हा ती मानाची साडी मागेल असं वाटलं होतं. तिनं मागितली लोणच्याची कृती, तीही मांडवात बसून. पुढे तिच्या हाती फोन आला आणि कुणाची धडगत राहिली नाही. फोनवर तिनं एक वही काढली आणि धुळ्यापासून भुसावळपर्यंतच्या ओळखीच्या सगळ्या बायका तीत ओढल्या. नियम एकच: येत असेल तिनं लिहायचं, चूक दिसेल तिनं सुधारायची. ज्वारीचे बिबडे म्हणजे पापड, केळीचे डाग, पोराची उचकी, मिक्सरचं पातं, सगळं त्या वहीत. शनिवारी दुपारी सगळ्यांना फोनवर समोर बसवून हजेरी घेते. धरणगावची एक बाई हजेरी देऊन झोपते, तिला नावानं हाक मारून उठवते. एकदा आम्ही एका घरी भेटायला गेलो होतो, सासू वारली होती. सून गळा काढून रडत होती. हिनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "सासूबाई लोणच्यात मोहरी कच्ची घालायच्या का भाजून?" सून रडायची थांबली. म्हणाली, "कच्ची." हिनं तिथेच लिहून घेतलं. मी चिमटा काढला, तर म्हणते कशी, "बठ्ठं पोटमा धरीसन जातस लोके." सगळं पोटात घेऊनच जातात म्हणे माणसं.

मी चौथी शिकलेली. वहीत लिहिलं, 'मांड्याच्या पिठात पाणी हाताला कळेल तेवढं.' झालं! एकीनं पाणी वाढवलं, दुसरीनं कमी केलं, तिसरीनं दूध घातलं. महिनाभर भांडण. शेवटी विहीण म्हणाली, करूनच दाखवा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती.

आणि तो असा फाटला. मी म्हटलं, "तुमच्या वहीतल्या पाण्यानं घात केला." लगेच सगळ्या वहीतलं पाणी सुधारायला धावल्या.

खरं सांगायचं तर पीठ भिजवताना मी वही उघडलीच नव्हती. पीठ माझ्याच मापाचं होतं, चांगलं होतं. हिवाळ्यापासून माझं मनगट थरथरत होतं आणि मी कुणाला बोलले नव्हते. आखाजीला लेक येते ती मांड्यासाठी. घरात दुसऱ्या कुणाला मांडा येत नाही, कारण मी कुणाला खापराजवळ फिरकू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहीण पाचोऱ्याला माझ्या दारात. काखेत स्वतःची परात.

"पाणी बराबर शे, विहीणबाई. तुमना हात कापस."

"तुमचे डोळे कापत असतील."

"फोनमा दिसनं माले," म्हणाली, आणि हात धुऊन बसली.

पहिला मांडा रुमालाएवढा झाला. दुसऱ्यातून शेजारचं घर दिसलं. तिसरा खापराला असा चिकटला की खरवडून काढावा लागला. माझे हात वर, तिचे खाली, असा आम्ही मांडा फिरवायचो. जोर तिचा, शिव्या माझ्या. या वयात एवढी बोलणी खाणारी बाई मी पाहिली नव्हती. जेवतानाही विचारायची, "कोपर किती वर?" वहीतलं पाण्याचं सगळं भांडण पुसून तिनं लिहिलं, 'मांडा पाचोऱ्याला जाऊन शिकावा.'

आखाजीला लेक नाशिकहून, नवऱ्याच्या नोकरीच्या गावाहून, आली तेव्हा दुपार झाली होती, खापर निवलं होतं. सासूला माहेरच्या पडवीत बघून दचकली. "पापडाले उनू," सासूनं सांगितलं. आखाजीच्या दिवशी पापड कोण करतं, हे लेकीनं विचारलं नाही. रसात मांडा बुडवून तिनं घास घेतला, डोळे मिटले.

"आई, तुझा हात अजून तसाच आहे गं."

मी विहिणीकडे पाहिलं. दुसऱ्याची चूक दिसली की हिच्या जिभेला दम निघत नाही. ती खाली मान घालून परात घासत होती.

त्या आखाजीचे मांडे तिनं एकटीनं केले होते.