काठावरचा माणूस

नाबोर अर्सेची निळी पिकअप दर नोव्हेंबरात आमच्या एल मोरो गावात येते, ती दिसण्याआधी ऐकू येते. कच्च्या रस्त्यावर पत्र्यासारख्या वळ्या पडल्या आहेत. त्यांवरून येताना टपावर बांधलेल्या सर्फबोर्डांचे पट्टे वाऱ्यात गुणगुणतात. गाडी आधी आमच्या कचेरीसमोर थांबते, कारण शंभर किलोमीटरच्या किनाऱ्यावर फोन लागण्याची ही एकच जागा. कचेरी शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडणाऱ्या सहकारी संस्थेची. तिथे टेबलामागे मी असते, आणि माझ्या शेजारी वायरलेस.

या वर्षी तो उतरला, पण दुसऱ्या बाजूचं दार उघडलं नाही. टपावर सर्फबोर्डाची फळीही एकच होती.

"लासारोकाका?" मी विचारलं.

"मेहिकालीला. लेकीकडे."

"मेहिकालीला? तिथे कुठला समुद्र?"

"नळाला पाणी येतं म्हणे," नाबोर म्हणाला आणि मासे ठेवायला घेतलेल्या बर्फाचे पैसे देऊन बाहेर गेला.

नाबोर आणि लासारो उत्तरेकडच्या एन्सेनादा बंदराचे. विशीत दोघं सार्डिनच्या कारखान्यात डबे बंद करायचे. एका शनिवारी खडकांत अडकलेली एक मोडकी फळी त्यांना सापडली. कुणा परदेशी पोराची लाटेत सुटून वाहून आली असावी. दोघांनी ती राळ लावून सांधली. फळी एक आणि माणसं दोन, म्हणून एकानं लाटांवर जायचं आणि दुसऱ्यानं काठावर गळ टाकून बसायचं, मग अदलाबदल. पुढे दोघांकडे आपापल्या फळ्या आल्या, कारखाना बंद पडला, नाबोरनं फळ्या दुरुस्तीचं दुकान काढलं, लासारो ट्रक चालवू लागला. पण ती रीत राहिली. एक पाण्यात, एक काठावर. उत्तरेकडून हिवाळी लाटा यायला लागल्या की दोघं दुकान आणि ट्रक सोडून फेब्रुवारीपर्यंत समुद्रात घुसलेल्या एकेका टोकावर मुक्काम करत दक्षिणेकडे उतरत जायचे. अशी सदतीस वर्षं. नाबोरचं लग्न झालं नाही. लासारोचं झालं, आणि मोडलं ते बहुतेक या हिवाळ्यांमुळेच.

काठावरच्याचं काम नुसतं मासे पकडण्याचं नव्हतं. आमच्या या किनाऱ्यावर धुकं येतं ते चालत येत नाही, पडतं. डोळा मिटून उघडावा तर किनारा गेलेला असतो. पाण्यातल्या माणसाला वर-खाली सोडून कुठलीच दिशा उरत नाही. अशा वेळी काठावरच्यानं लोखंडी तवा उलटा धरून पळीनं बडवायचा. त्या आवाजाच्या रोखानं पाण्यातल्यानं हात मारत यायचं. बस्स, एवढंच.

लासारोचं हृदय सुजलं होतं. डॉक्टरांनी या रस्त्याला सक्त मनाई केली. लेक न्यायला आली त्या दिवशी त्यानं नाबोरकडून वचन घेतलं: काठावर कुणी नसेल तर पाण्यात उतरायचं नाही. नाबोरनं दिलं. वचन देताना सोपं वाटलं असणार. एकसष्ट वर्षांच्या माणसाला काठावर बसायला कुणीतरी मिळेलच की.

पहिल्या टोकावर कुणी मिळालं नाही. तिथे तो चार दिवस गळ टाकून बसला. दुसरं टोक आमचं. लाट तिथे खडकाला वळसा घालून लांबच लांब फुटत जाते, आणि त्या आठवड्यात ती अशी येत होती की कोळीसुद्धा काम थांबवून बघायचे. वाळूवर तीन परदेशी जोडप्यांच्या गाड्या होत्या. नाबोरनं त्यांना विचारलं, तुमच्यापैकी कुणी काठावर बसाल का? त्यांना ते फार गोड वाटलं. त्यांनी त्याला कॉफी दिली आणि सगळे एकदमच पाण्यात गेले. दोन दिवसांनी ते दक्षिणेला निघूनही गेले.

राहिला उबाल्दो.

उबाल्दो आमच्या संस्थेचा राखणदार. टोकावरच्या फळकुटांच्या खोपट्यात तो पंधरा-पंधरा दिवस एकटा असतो. चोरटे बोटी घेऊन येतात आणि आमच्या पिंजऱ्यांतली शेवंडं काढून नेतात. त्यांच्यावर डोळा ठेवायचा हे त्याचं वीस वर्षांचं काम. एकटेपणानं काही माणसं मुकी होतात. उबाल्दो उलटा झालाय. वायरलेसवर तो मला खोपट्यातल्या पालींची खुशालीसुद्धा कळवतो. त्यामुळे त्या दिवसांतलं बरंचसं मला त्याच्याकडूनच कळलं.

तिसऱ्या सकाळी नाबोर त्याच्याकडे गेला तेव्हा तो टॉर्टियाच्या पोळ्या शेकत होता.

"बसशील का काठावर?"

"मी बसलेलोच असतो. त्याचाच पगार मिळतो."

"माझ्यासाठी बसायचं. हा गळ धरायचा. मासा लागला तर तुझा. धुकं आलं तर हा तवा बडवायचा."

"आणि तू बुडालास तर?"

"तर तवाही तुझा."

"बघ हां! साक्षीदार कुणी नाही," उबाल्दो म्हणाला. "पण एक सांग लेका, या वयात त्या पाण्यात जाऊन मिळतं काय? मासा नाही, शेवंड नाही, परत येताना हात रिकामे. माझी बायको बाजारातून अशी आली तर मी घरात घेणार नाही."

"तुझी बायको तुला घरात घेते ते बघ आधी," नाबोर म्हणाला आणि रबरी पोशाख चढवू लागला. पाठीची चेन लासारो ओढायचा. या वेळी नाबोरनं ती दोरी बांधून कशीबशी स्वतःच ओढली. उबाल्दोला सांगायचं त्याच्या मनात आलं नाही.

नऊच्या सुमारास तो पाण्यात उतरला. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा. थंडीनं कपाळात कळ गेली, मग हात सुटले. तो लाटांच्या पलीकडे जाऊन बसला, श्वास जागेवर आणला, आणि पहिली लाट घेण्याआधीच धुकं पडलं.

तो घाबरला नाही. असं अनेकदा झालं होतं. तो फळीवर बसून तव्याची वाट बघू लागला.

तवा वाजला नाही.

दहा मिनिटं गेली असतील. त्याला वाटलं, आवाज लाटांच्या गाजेत दबला असेल. त्यानं डोक्यावरची रबरी टोपी मागे ओढली. तरी काही नाही. पाय गार पडत चालले होते. लाटा फुटल्याचा आवाज सगळ्याच बाजूंनी येत होता. एका बाजूला खडक होते आणि एका बाजूला चीनपर्यंत नुसतं पाणी. सदतीस वर्षांत तो धुक्यात कधी एकटा नव्हता, हे त्याला तेव्हा कळलं.

काठावर काय झालं होतं? उबाल्दो पळून गेला नव्हता, झोपलाही नव्हता. चोर धुक्यातच येतात. धुकं पडलं की राखणदारानं चूल विझवायची, वायरलेस बंद करायचा आणि श्वाससुद्धा तोंडानं न घेता ऐकत बसायचं. उबाल्दोनं हे वीस वर्षं इतक्या वेळा केलं होतं की डोक्यात काही येण्याआधीच हातांनी सगळं करून टाकलं. त्यानं तवा वाळूत हलकेच ठेवला, वाजू नये म्हणून. आणि दगडासारखा बसला.

मग त्याला पाण्यात हात मारल्याचा आवाज आला.

"कोण आहे तिकडे?" तो गरजला. "हे संस्थेचं पाणी आहे! पिंजऱ्याला हात लावलास तर हात तोडून ठेवीन!"

धुक्यातून आवाज आला, "अरे, मी आहे!"

"मी म्हणजे कोण?"

"नाबोर!"

"खोटं बोलू नकोस, भामट्या! नाबोर पाण्यात गेलाय!"

"मग मी कुठं आहे, गाढवा?"

काठावरून उबाल्दो हळूच म्हणाला, "अरे देवा."

"गप्प बसू नकोस! बोलत राहा!"

"काय बोलू?"

"मघाचंच! शिव्या दे!"

उबाल्दोनं मग चोराच्या आईपासून सुरुवात केली, गेल्या वर्षी पिंजरे फोडणाऱ्यांची खानदानं घेतली, संस्थेचा चेअरमनही सोडला नाही. त्या शिव्यांच्या रोखानं नाबोर फुटभर पाण्यात आला आणि गुडघ्यांवर पडला. उबाल्दोनं त्याला ओढून बाहेर काढलं, घोंगडी पांघरली आणि रडायला लागला.

"उद्या परत बसतो," तो म्हणत राहिला. "तुझी शपथ. आता कळलं मला. उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. नाबोर पाण्यात उतरला तोच मागून तवा सुरू झाला. पुन्हा विसरायला होईल या भीतीनं उबाल्दोनं थांबायचंच नाही असं ठरवलं होतं. कोवळ्या उन्हात, दूरवरचा डोंगर दिसत असताना, ठण ठण ठण. खडकावरचे पेलिकन उडून गेले. मासा तर गळाकडे फिरकलाच नाही. नाबोरनं हात हलवून पुरे अशी खूण केली, तेव्हा उबाल्दोला वाटलं तो बोलावतोय, आणि त्यानं आणखी जोर लावला.

मग ती लाट आली. नाबोरनं मला तिच्याबद्दल एवढंच सांगितलं की ती टोकापासून कोळ्यांच्या होड्यांपर्यंत गेली आणि मध्ये कुठेही तुटली नाही. अशी लाट पाच-सहा वर्षांत एकदा. तो उथळ पाण्यात उभा राहिला, आणि कुठलीही लाट संपली की सदतीस वर्षं जे करत आला ते त्यानं केलं. वळून काठाकडे बघितलं.

उबाल्दो तवा बडवत होता. त्याचे डोळे क्षितिजावर होते. तिकडे एक बोट दिसत होती.

नाबोर चालत त्याच्यापर्यंत आला.

"झालं?" उबाल्दोनं विचारलं. "आज बरोबर वाजवला ना?"

"बरोबर."

"परत जातोस?"

"नाही," नाबोर म्हणाला. "फळी गाडीवर बांधतो."

दुपारी तो कचेरीत आला आणि फोनपाशी खुर्ची ओढून बसला. लासारो फोनवर ओरडूनच बोलतो, त्यामुळे न ऐकण्याचा मी कितीही आव आणला तरी सगळं ऐकू आलं.

"वचन पाळलंस का, म्हाताऱ्या?"

"पाळलं. उबाल्दो होता." आणि नाबोरनं धुक्याची सगळी गोष्ट सांगितली, चेअरमनला पडलेल्या शिव्यांसकट. माझ्याकडे बघून त्यानं एक-दोन शब्द गाळले. पलीकडे लासारो हसता हसता खोकायला लागला. लेकीचा आवाज आला, बाबा, पुरे, औषध घ्या. मग पुन्हा लासारोचा.

"नाबोर, आणि लाट? लाट मिळाली का?"

"मिळाली एक."

"कशी होती?"

नाबोरनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"मला काय माहीत कशी होती," तो म्हणाला. "बघायला तू नव्हतास ना."

पलीकडून मेहिकालीतल्या रस्त्यावरून बस गेल्याचा आवाज आला. मग लासारो म्हणाला, या वेळी न ओरडता, "बरं सांग. पहिल्यापासून सांग. खडकाच्या कुठल्या बाजूनं उठली?"

नाबोरनं सांगायला सुरुवात केली, आणि मी उठून बाहेर गेले.

तो निघाला तेव्हा मला वाटलं, आता दक्षिणेकडे, तिसऱ्या टोकाला. पण गाडी फाट्यावर उत्तरेला, मेहिकालीच्या वाटेला वळली. हंगाम संपायला अजून अडीच महिने होते.