दहापैकी किती

मुलांनो, परवा अकोल्याहून अमरावतीला येताना एसटीत माझ्या शेजारी पस्तिशीतला एक माणूस बसला होता. त्याचं नाव मी विचारलंच नाही. एका संगणक कंपनीचं काम तो घरून करायचा. मोबाईलवर चार शब्द लिहायचा, खोडायचा आणि दर वेळी रुमालाने फोनची काच पुसायचा. माझ्या हातातलं इंग्रजी पुस्तक पाहून त्याने विचारलं, "आजी, मी कामात कमी पडलो, हे इंग्रजीत कसं लिवावं?"

"कुठल्या कामात कमी पडलात?"

"तेच तर सुचून नाही राहिलं," तो हसला. "आमी आठ जण. सगळ्यायनं बराबर काम केलं. पण दरसाल एकाले खालचा नंबर द्याच लागते. साहेब म्हणे, औंदा तू. तूच लिहून दे, म्हणजे भानगड नाही."

"आणि नाही दिलंत तर?"

"तर आत्ताच नोकरी जाईन. देल्लं, तर एखादं साल निंगून जाईन."

इंग्रजी विचारलं की मला गप्प बसवत नाही. पुढाकार घेण्यात मी उणा ठरलो, अशा अर्थाचं एक नेटकं वाक्य मी सांगितलं. त्याने ते जपून लिहिलं आणि बडनेऱ्याजवळ पाठवूनही दिलं. मग पेपर तपासायला द्यावा तसा फोन माझ्यापुढे धरला.

"जमलं ना, आजी? दहापैकी किती?"

इंग्रजीत एकही चूक नव्हती.

"दहा," मी म्हणाले.

त्याला बरं वाटलं. मला मात्र अमरावती येईपर्यंत त्याच्याकडे बघवलं नाही.