व्हॅन येईपर्यंतचा अर्धा तास

फोनिक्स म्हणजे काय, हे मी आजवर किती पालकांना समजावलं असेल, देव जाणे. शाळा सुरू झाली की कोणी ना कोणी दारात उभं असतंच, "मॅडम, पोराले अजून ए-बी-सी-डी म्हणता येत नाही." मग मी सांगते, अहो, आधी अक्षराचा आवाज, नाव नंतर. ह्, ए, न्, हे तीन आवाज जोडले की हेन. हे जोडणं एकदा जमलं की पोर कुठलाही शब्द स्वतः वाचेल, कोणाच्या मदतीशिवाय. ते मान डोलावतात आणि घरी जाऊन भिंतीवर तक्ता लावून रट्टा सुरू करतात. घ्या!

बेसाच्या आमच्या शाळेत मी केजीला शिकवते. माझा वर्गात एकच हट्ट. शब्दाखाली बोट ठेवायचं आणि बोट जिथं असेल तेवढंच वाचायचं. बोट अडलं तर तोंडानंही थांबायचं. याला वेळ लागतो. जून जातो, जुलै जातो, आणि पोरं अजून एकेका शब्दाशी झगडत असतात. आमच्या मोठ्या मॅडमना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, हे झगडणं बघवत नव्हतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "ओपन डेला पालकांसमोर पोरं वाचताना दिसली पाहिजेत. नाही दिसली, तर तुमचे हे आवाज बंद आणि पहिल्यासारखं पाठांतर सुरू."

मला काळजी होती ती एका पोरीची. आई लोकांचे ब्लाउज शिवायची, घरात इंग्रजीचा गंध नाही. पण या चिमुरडीला आवाज जोडण्याचं असं काही वेड लागलं होतं की बस! दुकानाची पाटी, बिस्किटाचा पुडा, दिसेल ते बोटानं ढकलत ढकलत वाचायची. चुकायची, पुन्हा मागं जायची. पाठांतर सुरू झालं असतं तर ही पोर तिथंच संपली असती, हे मला चांगलं ठाऊक होतं.

हे सगळं मी फक्त एकीला सांगत असे. शेजारच्या वर्गाची बाई, माझी मैत्रीण. आम्ही दोघी सक्करदऱ्याच्या, रोज माझ्या गाडीवर डबलसीट यायचो-जायचो. डब्यात पातोडीची भाजी असली की अर्धी तिची, हे न बोलता ठरलेलं. तिच्या सासूच्या आजारपणात मी तिचा वर्ग कितीदा सांभाळला. ती म्हणाली, "तू कायले टेन्शन घेऊन राहिली वं? शाळा सुटल्यावर तुह्ये व्हॅनवाले पोरं मी पाहते. तू आरामात वर बसून ओपन डेचे तक्ते-बिक्ते कर." माझ्या वर्गातली बाकी सगळी पोरं व्हॅननं जायची, आणि व्हॅन यायला चांगला अर्धा तास लागायचा. फक्त ही पाट्या वाचणारी पोरगी सुटल्याबरोबर आईबरोबर पायी जायची. मला केवढं भरून आलं होतं तेव्हा! मी वर बसून चित्रं कापत होते आणि मनात म्हणत होते, अशी मैत्रीण नशिबानं मिळते.

ओपन डेला हॉल गच्च भरला. पहिला पोरगा उभा राहिला, पुस्तक उघडलं आणि खडाखड सुरू झाला. द हेन इज इन द पेन, द हेन इज रेड, एकही अडखळ नाही. मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? मग माझी नजर त्याच्या बोटाकडे गेली. बोट पहिल्याच ओळीवर होतं आणि तोंड पानाच्या तळाला पोचलं होतं. दुसरी आली, तिचंही तेच. तिसऱ्याच्या वेळी मी हळूच पुढं होऊन त्याचं पुस्तकच मिटलं. पठ्ठ्या थांबला नाही. कोंबडीचं सगळं पुस्तक छताकडे बघत म्हणून मोकळा झाला. आणि पालकांनी काय करावं? टाळ्यांचा कडकडाट! "अरे वा, न पाहता वाचते!" असं एक बाबा ओरडलेसुद्धा.

मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे ओठ पोराबरोबर हलत होते. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. व्हॅन येईपर्यंत रोज कसली घोकंपट्टी चालत होती, ते मला तिथं, तीनशे डोळ्यांसमोर उभ्या उभ्या कळलं.

सगळ्यात शेवटी माझी ती पाट्या वाचणारी पोरगी आली. तिनं पुस्तक नीट टेबलावर ठेवलं, बोट टेकवलं आणि वाचायला लागली. ह्... ए... न्... हेन. इ... झ्... इज. घामानं बोट कागदाला चिकटत होतं. त्या हॉलमध्ये खरोखर वाचणारं ते एकटं पोर होतं! आणि मागून कोणी तरी खुदकन हसलं. मोठ्या मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "बस बेटा, छान. हिच्यावर जरा जास्त मेहनत घ्या हं." तिच्या आईनं मान खाली घातली. काय सांगणार होते मी त्या माणसांना, की तुमची पोरं वाचत नाहीत?

गाडीपाशी मी मैत्रिणीला गाठलं. "काहून केलं तू असं?"

"तुह्यासाठीच केलं ना वं," ती शांतपणे म्हणाली. "मोठ्या मॅडमनीच सांगितलं होतं, पोरांकडून पाठ करून घे म्हणून. तुले सांगितलं असतं तर तू करू दिलं असतं काय? आता पाहा, तुह्ये आवाज बंद नाही होत. मॅडम बम खुश आहेत."

"अगं, पण ते वाचत नाहीत!"

"वाचतीन हळूहळू. पालकायले काय समजते?"

माझ्याच डब्यातलं खाऊन, माझ्याच गाडीवर बसून हिनं केसानं गळा कापला, आणि वर उपकार केल्याचा आव! त्या दिवशी मी एकटी निघून आले. ती ऑटोनं आली असेल, मला काय करायचं आहे.

पुढच्या आठवड्यात कळलं की त्या पोरीच्या आईनं व्हॅनवाल्या पोरांना कोण शिकवतं ते विचारून काढलं आणि जाऊन मैत्रिणीचेच पाय धरले. "बाई, माह्या पोरीलेही त्या लेकरांसारखं शिकवा." आता शाळा सुटल्यावर तीही व्हॅनच्या पोरांत बसत होती. आईला मी वाटेत थांबवून सांगितलं, अहो, तुमचीच खरी हुशार आहे. तिला वाटलं मी समजूत काढते आहे. "असू द्या मॅडम," म्हणाली, "लोकं हसले ना तिले."

मग एका सकाळी मी त्या पोरीला जवळ बसवलं. तिनं कधी न पाहिलेलं, बेडकाचं कोरं पुस्तक तिच्यासमोर उघडलं. महिन्याभरापूर्वी तिनं त्यावर झडप घातली असती. तिनं पुस्तकाकडे एकदाही पाहिलं नाही. हात मागं बांधले, हनुवटी वर केली आणि एका दमात म्हणाली, द हेन इज इन द पेन, द हेन इज रेड. शेवटपर्यंत. बेडकाच्या पुस्तकावर अख्खी कोंबडी म्हटली.

"शाबास!" दारातून मैत्रीण म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती, मला कळलं नाही.

पोरगी हसली. ओपन डेनंतर पहिल्यांदाच हसली, आणि माझ्याकडे नाही, दाराकडे बघून. पाच वर्षांचं लेकरू ते, त्याचा काय दोष? पण खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, गेली, हीसुद्धा तिकडे गेली.